बिनमिठाची जांभळं

रेशनच्या दुकानातल्या मशीनने सुकरी हलामीचा अंगठा चौथ्यांदा नाकारला. दुकानदाराने तिचा हात उलटा करून पाहिला आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाई, हा अंगठा आहे का वांगं?"

रांग हसली. सुकरीलाही एरवी हसू आलं असतं, पण पहाटेपासून तिने दोन झाडं झोडली होती आणि पोटात फक्त कोरा चहा होता.

"जांभळाचा रंग आहे जी. राखेनं घासली, लिंबानं घासली, नाई निघत. आठ दिवसांत जाईल."

"मंग आठ दिवसांनीच येजो. मशीनले आजीबाईचा अंगठा पाह्यजे, वांगं नाई."

रिकामी पिशवी काखेत मारून ती आपल्या वस्तीच्या, येरमटोल्याच्या वाटेला लागली. अडीच कोसांची वाट, वर ज्येष्ठाचं ऊन, आणि राग काढायला सोबत कुणी नाही. कारण यंदाचं हे जांभळाचं खूळ तिचं स्वतःचंच होतं.

येरमटोल्याच्या अंगणवाडीत सुकरी मदतनीस होती. खिचडी शिजवायची, मुलांची नाकं पुसायची, महिन्याला वजनकाटा टांगायचा. त्या काट्यावर तिची स्वतःची नात पायल तीन महिने कमी वजनाच्या लाल पट्ट्यात येत होती. साडेतीन वर्षांची पोर, पण उचलली तर हाताला वजन लागत नसे. आहाराच्या पाकिटातली पिवळी भुकटी ती तोंडात घेई आणि तशीच बाहेर काढी. टोल्यातल्या बकऱ्या तेवढ्या त्या भुकटीवर धष्टपुष्ट झाल्या होत्या.

पायलचं एकच होतं. ताटात जांभूळ असलं की ती भात खाई. एक जांभूळ, दोन घास. पुन्हा एक जांभूळ, पुन्हा दोन घास. मागच्या वर्षी जांभळाचे वीस दिवस पोरगी पोटभर जेवली. जांभळं सरली आणि रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, घरातली सगळी माणसं भाताच्या बांधीत वाकलेली असताना, ती पुन्हा वाळली.

अशात ब्रह्मपुरीच्या एका संस्थेने रानफळांच्या प्रकल्पात अंगणवाडीला एक लांबट पांढरा फ्रीजर दिला. तो घेऊन आलेली दिव्यानी ही आहारशास्त्र शिकून नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी होती. तिने भिंतीवर रंगीत तक्ता लावला. जांभळात लोह आहे, क जीवनसत्त्व आहे, त्याचा जांभळा रंगसुद्धा अंगाला चांगला, आणि गोठवून ठेवलं तर यातलं बहुतेक सगळं टिकतं, असं तिने बायांना सांगितलं.

बायांनी माना हलवल्या. सुकरीने एकटीने विचारलं, "म्हंजे रोवण्यात खाऊ घालता येईल?"

"दिवाळीपर्यंत येईल, सुकरीताई. पण आधी एक नमुना तपासावा लागेल. त्यात पोषणमूल्य किती, मुलांना चालतं का, ते कागदावर यायला हवं. तोवर मुलांना द्यायचं नाही. अंगणवाडीत मंजूर नसलेलं काही दिलं तर तुमच्यावरच येईल."

सुकरीला त्यातलं 'दिवाळीपर्यंत' तेवढंच नीट ऐकू आलं होतं.

---

जांभळीचं लाकूड दगाबाज. दिसायला फांदी मांडीएवढी आणि पाय ठेवला की कडाड. म्हणून झाडावर चढायचं काम सुकरीचा नवरा डोमा करी, कारण तो अंगाने काटकुळा आणि स्वभावाने निवांत. तो वर बसून बांबूच्या आकड्याने फांद्या हलवी. खाली सुकरी आणि सून स्वाती चार जुनी लुगडी एकत्र शिवून केलेलं भलंमोठं कापड चारी बाजूंनी ताणून धरत. सुकरीचा मुलगा लोकेश मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवायचा. तो महिन्यातून एकदा घरी येई आणि फोनवरून सल्ले मात्र रोज देई.

"हलकंच हालवा जी!" सुकरी खालून ओरडे. "फुटलेलं जांभूळ नाई चालत."

"जांभळाले सांग मंग, हलकं पड म्हणून."

"मुंग्या चावून राह्यल्या इथी, आणि तुमाले मजाक सुचते."

तांबड्या मुंग्यांनी स्वातीच्या मानेवर चट्टे उठवले होते, पण ती कापड सोडत नव्हती. पायल झाडाच्या बुंध्याशी बसून चिखलातली जांभळं फ्रॉकला पुसून खात होती.

तोडणी हे सोपं काम. खरा जीव जाई तो पुढे. किडकी निवडायची, तीन पाण्यांनी धुवायची, मग एकेक जांभूळ बोटांनी चिरून बी काढायची, कारण लहान मुलाच्या घशात बी अडकली तर भलतंच. दोघी सासू-सुना अंगणवाडीच्या ओट्यावर बसून पाठ मोडेपर्यंत हेच करत. बोटं आंबटाने चिरली. नखांच्या मुळांशी आग होई. टोल्यातल्या बाकीच्या बाया दोन दिवस मदतीला आल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "धानाचे पऱ्हे टाकाचे आहेत बाई," आणि गेल्या. त्यांचं चुकलं असं नाही, पण सुकरीला वाईट वाटलं.

नऊ दिवसांत एक्केचाळीस थैल्या भरल्या. सुकरीने त्या फ्रीजरमध्ये रचल्या, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली. अंगणवाडी सेविका कुंताबाई शिकलेली आणि नियमाला घाबरणारी बाई. ती म्हणाली, "बाई, हे कुलूप कागद आल्याबिगर उघडाचं नाई हा. लेखी आहे."

"नाई उघडत जी."

दहाव्या दिवशी सकाळी सुकरी मागे राहिलेल्या एका झाडाचा नाद न सोडता पुन्हा जंगलात गेली आणि फोन घरी डोमाकडे राहिला. दिव्यानीने फोन केला. तिच्या मागे बसस्टँडचा गलका होता.

"डोमाभाऊ, उद्या एक थैली चाचणीला पाठवायची आहे. बर्फात ठेवून. सुकरीताईंना सांगाल ना?"

"कायले पाठवाची?"

"चाचणीला हो, चाचणीला. नागपूरला मोठे साहेब लोक बघतील."

"हाव जी, समजलं," डोमा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्याला समजलं ते असं, की थैली चाखणीला पाठवायची आहे. नागपूरचे मोठे साहेब लोक जांभळं चाखून पाहणार आहेत. डोमाला यात नवल वाटलं नाही. जेवण चांगलं का वाईट हे माणूस चाखूनच सांगतो.

सुकरी दुपारी आली तेव्हा तो म्हणाला, "उद्याच्या गाडीनं एक थैली ब्रह्मपुरीले न्याची आहे. मी भरून ठेवतो डब्बा. तू पड जराशी."

नवऱ्याने आपण होऊन काम अंगावर घेतलं याचं सुकरीला इतकं बरं वाटलं की तिने किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि ती खरंच पडली.

---

थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन ती सकाळच्या एसटीत बसली. कंडक्टर म्हणाला, "डब्बा टपावर टाका." ती म्हणाली, "नाई टाकत, बर्फ आहे." तो म्हणाला, "लगन आहे का कोनाचं?" तिने डबा आणखी जवळ ओढला. डब्यातून पाणी झिरपून तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं आणि उतरताना सगळ्या गाडीने ते पाहिलं.

संस्थेच्या ऑफिसात दिव्यानी नव्हती, दौऱ्यावर गेली होती. शिपायाने डबा घेतला आणि व्हरांड्यात उन्हात ठेवला. सुकरीने तो उचलून सावलीत नेला. शिपायाने परत जागेवर ठेवला. तिसऱ्या वेळी सुकरी डब्याच्या आणि उन्हाच्या मधे स्वतःच बसली. तासाभराने मोठ्या मॅडम बाहेर आल्या. संस्थेच्या प्रमुख. चष्मा कपाळावर, हातात दोन फोन.

"तुम्हीच येरमटोल्याच्या का? छान काम करताय." मग त्यांची नजर खाली गेली. "पण हे हात? हात धुऊन कामाला बसायचं, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं ना?"

"धुतलेच आहेत मॅडम. रंग आहे तो."

"हातमोजे दिले होते."

"हातमोजा घालून जांभळाची बी नाई निघत, मॅडम. सटकते."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि शिपायाला सांगितलं, "हे नागपूरला जाऊ द्या." सुकरीला पाणी कुणी विचारलं नाही. परतीच्या गाडीत तिने दोन्ही हात पदराखाली ठेवले, आणि पदराखाली का ठेवतोय याचा तिला उतरायचं कुरखेडा येईपर्यंत संताप येत राहिला.

मग वाट बघणं. आषाढ लागला. बांध्यांत पाणी भरलं. जांभळं झाडावरून संपली, खाली पडलेली कुजली, त्यांच्यावर चिलटं बसली. पायलने भाताकडे पाठ केली. अंगणवाडीत आली की ती सरळ फ्रीजरपाशी जाई, गार पत्र्याला गाल लावून उभी राही आणि म्हणे, "आजी, उघड ना."

"उद्या उघडू."

"काल बी उद्याच म्हणली."

पोराला काय सांगायचं? अंगणवाडीत चाळीस थैल्या जांभळं आहेत, तुझ्या आजीने नखं फुटेस्तोवर सोललेली आहेत, किल्ली आजीच्या गळ्यात आहे, पण नागपूरचा एक कागद यायचा आहे. सुकरीला स्वतःलाच हे तोंडाने म्हणायची लाज वाटे. स्वातीने एकदा चुलीपाशी विचारलं, "एक थैली काढली तर कोन मोजते आई?" सुकरीने नाही म्हटलं. एक काढली की दुसरी निघते, आणि कागदाच्या आधी काढलेलं उघडकीला आलं तर अंगणवाडीतल्या तेराही पोरांची जांभळं जातील, हे तिला कळत होतं. हे कळणंच तिला जड जात होतं.

अठराव्या दिवशी दिव्यानी स्वतः आली. तिचा चेहरा बघूनच कुंताबाईने खुर्ची पुढे केली.

"ताई, लोह चांगलं आलंय, क जीवनसत्त्व चांगलं आलंय. पण..." तिने कागदावर बोट ठेवलं. "सोडियम. मर्यादेच्या किती तरी वर. 'बालकांसाठी अयोग्य' असा शेरा आहे."

"सोडियम म्हंजे?"

"मीठ. ताई, जांभळाला एवढं मीठ येतं कुठून? किडे निघावेत म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवली होती का?"

"साध्या पान्यात धुतली, तीनदा. स्वातीले विचारा. मिठाची पुडी या ओट्यावर आली बी नाई."

"मग प्रयोगशाळेची चूक म्हणायची का? ते ऐकणार नाहीत ताई. मोठ्या मॅडम म्हणाल्या, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. फ्रीजरसुद्धा दुसऱ्या गावाला द्यायचं म्हणतात."

तेवढ्यात डोमा कावड ठेवून दारात आला. पाव्हणी दिसली म्हणून त्याने हात जोडले, आणि आनंदाने विचारलं, "काय म्हनले जी साहेब लोक? आवडले का जांभूळ?"

"कोणाला आवडले?" दिव्यानीने विचारलं.

"तेच, नागपूरवाल्याईले. चाखणीले पाठवलो होतो ना."

दिव्यानीने हातातला कागद खाली ठेवला. डोमाला वाटलं, आपलं कौतुक अजून पूर्ण झालेलं नाही. तो पुढे म्हणाला, "कोरं जांभूळ घसा धरते. पाव्हन्याले बिनामिठाचं कसं द्याचं? मीच टाकलो मीठ. थैली खोलली, दोन मुठी टाकलो, मस्त घुसळलो आणि मेनबत्तीनं परत चिकटवलो. पता बी नाई लागला असन कोनाले."

"दोन मुठी!" कुंताबाई म्हणाली.

"आपली मूठ लहान आहे," डोमा म्हणाला.

सुकरी उठली. तिने कोपऱ्यातला खराटा उचलला, नवऱ्याकडे पाहिलं आणि खराटा परत ठेवला. "चाचणी म्हनली होती ती पोरगी! चाचणी! चाखणी नाई!" ती ओरडली. "तुमाले काय वाटलं, नागपूरचे साहेब दारू घेऊन बसले आहेत, आणि चाखणा पाह्यजे त्याईले? तीस बरसं झाले तुमच्यासंग, एक काम नाई सांगतली मी. एक सांगतली तर हे!"

"मले काय मालूम? मी तं गावाची इज्जत राखलो."

यावर दिव्यानीला हसू फुटलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हसण्याचं का रडण्याचं ते तिलाही सांगता आलं नसतं. पोरगी मनाने चांगली होती. ती म्हणाली, "त्याच बॅचची दुसरी थैली द्या. मी स्वतः नागपूरला नेते. मॅडमना मी समजावते. पण ताई, फ्रीजरला आता कोणी हात लावायचा नाही."

"कोनी म्हंजे कोनीच नाई," सुकरी म्हणाली आणि किल्ली तिने गळ्यातून काढून कमरेला खोचली. त्या दिवसानंतर आठवडाभर डोमाशी ती बोलली नाही. त्याच्या भाजीत मात्र मीठ घालायचं तिने बंद केलं. तो मुकाट्याने खाई.

---

दुसरी थैली गेली त्याच्या चौथ्या दिवशी वादळ झालं. ऐनाचं एक जुनं झाड विजेच्या लायनीवर आडवं पडलं आणि सात टोल्यांची वीज गेली.

पहिल्या दिवशी सुकरीने फ्रीजरवर गोधड्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी भाताचं तणीस टाकलं. डोमा, अपराध अजून ताजा म्हणून, तीन कोस चालत लाईनमनच्या घरी गेला आणि परत येऊन म्हणाला, "म्हनते, रस्त्यावर पानी आहे. उतरलं की येतो." कुंताबाईने ब्रह्मपुरीला फोन लावला तर तिकडून उत्तर आलं की वीज हा आमच्या प्रकल्पाचा विषय नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुकरी रोवण्याला गेली नाही. तिने तणीस बाजूला केलं, गोधड्या काढल्या आणि झाकणाच्या फटीला नाक लावलं. वास अजून चांगला होता. आंबटगोड, नुकत्या चिरलेल्या जांभळाचा. पण खालच्या भोकातून जांभळं पाणी टपकायला लागलं होतं आणि जमिनीवर त्याचा ओघळ दारापर्यंत गेला होता. मुलं खिचडीला जमली होती. त्यातलं एक वाकून बोटाने तो ओघळ चाटत होतं. ती पायल होती.

सुकरीने कमरेची किल्ली काढली.

"बाई," कुंताबाई घाईने आली, "बाई, विचार करा. लेखी आहे. तुमची नोकरी जाईल."

"उद्या हे सडन. मंग खड्ड्यात टाकाचं का?"

"टाकून देऊ. पंचनामा करू. पण तुमच्या हातानं देऊ नका."

"माह्याच हातानं सोलली आहे जी. माह्याच हातानं देतो."

तिने कुलूप काढलं. थैल्या मऊ झाल्या होत्या, पण अजून बोटांना गार लागत होत्या, मधे बर्फाचे खडे होते. तिने पहिली थैली दाताने फाडली, आधी स्वतः खाल्लं आणि घटकाभर थांबली. मग खिचडीच्या प्रत्येक ताटलीत एकेक पळी घातली. मुलं बोलायची थांबली. पायलने दोन्ही हातांनी खाल्लं, ताटली पुसली, आणि परत पुढे केली. "भात बी दे," ती म्हणाली. सुकरीने तिला भात वाढला, मग आणखी वाढला. चुलीच्या धुराचं निमित्त करून तिने डोळे पुसले. एवढा आनंद आणि एवढा राग एकाच वेळी तिला कधी झाला नव्हता. हे एवढंच तर हवं होतं. हे महिनाभर आधी झालं असतं.

उरलेल्या थैल्या ठेवून उपयोग नव्हता. गरोदर बायांना दिल्या, बाळंतिणींना दिल्या, म्हाताऱ्यांना दिल्या. दोन दिवस सगळ्या टोल्याच्या जिभा जांभळ्या होत्या. पाचव्या दिवशी वीज आली. रिकामा फ्रीजर घुर्र करून सुरू झाला आणि एकटाच गार होत बसला.

पायलने आणखी चार दिवस सवयीने भात खाल्ला. मग सोडला.

---

रोवणं आटोपलं तेव्हा दिव्यानीचा फोन आला. आवाजात उड्या होत्या.

"सुकरीताई! पास! दुसरा नमुना पास झाला! 'बालकांसाठी योग्य, पोषणमूल्य उत्तम.' मोठ्या मॅडम गुरुवारी स्वतः येताहेत. उद्घाटन करायचं, मुलांना वाटप, पेपरवाले..."

"दिव्यानी, ऐक ना, ते थैल्या..."

"हो, थैल्या तशाच ठेवा, मॅडमच्या हाताने उघडू. ताई, मी गाडीत आहे, आवाज तुटतोय..."

सुकरीने उलट फोन लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लावला, तेव्हा बंद होता. कुंताबाई म्हणाली, "सांगू नका. मी म्हनतो, वीज गेली, सडलं, फेकलं. एवढंच सांगू."

"खाल्लं त्याले सडलं काऊन म्हनाचं?" सुकरी म्हणाली. "पोराईनं खाल्लं. कोनाचं पोट नाई दुखलं. तेच सांगतो मी. नोकरी जाईल तं जाईल."

मनात तिने सगळं जुळवून ठेवलं. काय म्हणायचं, कसं म्हणायचं, मॅडम चिडल्या तर पुढे काय. रोवण्याने दुखरी झालेली कंबर घेऊन ती तीन दिवस तेच घोकत होती.

गुरुवारी दोन गाड्या आल्या. अंगणवाडीच्या दारावर कापडी फलक लागला, फ्रीजरला लाल फीत बांधली गेली. तेरा मुलांना अंघोळ घालून ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात नवी स्टीलची वाटी दिली. मोठ्या मॅडमनी कात्री हातात घेतली.

"मॅडम," सुकरी पुढे झाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "आधी पाहून घ्या." आणि तिने झाकण वर केलं.

आत काही नव्हतं. गार धूर तेवढा वर आला.

"पाच दिवस लाईट नव्हती. थैल्या सुटल्या. मी पोराईले खाऊ घातली, कोनाले विचारली नाई. तुमच्या कागदाच्या आधी त्याईले भूक लागली, मॅडम. आता जे कराचं ते करा."

दिव्यानीने मान खाली घातली. कुंताबाई भिंतीला टेकली. मॅडमनी फ्रीजरमध्ये पाहिलं, सुकरीकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"एवढ्या लांब आलो आपण," त्या दिव्यानीला म्हणाल्या. "हे आधी कळवायला नको?"

फोटो काढायला आलेला पोरगा मागे सरकून, एक डोळा मिटून अंदाज घेत होता. "मॅडम," तो म्हणाला, "झाकण लावलं तं आतलं काई दिसत नाई. फीत मस्त येते."

"लावा मग," मॅडम म्हणाल्या.

सुकरीच्या हातातून झाकण कुणीतरी काढून घेतलं आणि खाली केलं. तिला रागावलं नाही कुणी. नोकरीचं नाव काढलं नाही. तीन दिवस घोकलेलं पुढचं बोलणं तिच्या तोंडातच राहिलं, कारण ते ऐकून घ्यायला कुणी तिच्याकडे तोंडच केलं नाही. मॅडमनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. फीत कापली गेली. टाळ्या झाल्या. मुलांना फ्रीजरच्या पुढे बसवलं.

"वाट्या तोंडापाशी धरा," फोटोवाला म्हणाला. "आणि हासा."

मुलं हसली. सांगितलं की हसणारी गुणी मुलं. पायलने वाटीत पाहिलं, वाटी उलटी करून हलवली, परत पाहिलं.

"आजी, याच्यात काईच नाई," ती म्हणाली.

सुकरी मुलांच्या ओळीत शिरली, तिने पायलच्या हातातली वाटी काढून फ्रीजरवर पालथी घातली, नातीला कमरेवर घेतलं आणि फोटोवाल्याच्या समोरून चालत बाहेर पडली. "अहो आजी, एकच मिनिट," तो मागून म्हणाला. ती थांबली नाही.

शनिवारी डोमा कुरखेड्याहून पेपर घेऊन आला. ओट्यावर बसून त्याने अक्षरं जुळवत मोठ्याने वाचलं, "रानमेव्यातून पोषण. येरमटोल्यात तेरा बालकांना गोठवलेल्या जांभळांचा लाभ." मग त्याने पेपर सुकरीपुढे धरला. तिने फोटोवर बोट ठेवून डोकी मोजली, शेवटी पुन्हा एकदा मोजली.

"बाराच आहेत," ती म्हणाली.

"मंग तेरावी कुठी गेली?"

"तेरावी चुलीपाशी भाताची भरली ताटली घेऊन बसली आहे," सुकरी म्हणाली. "सकाळपासून."